गेमिंग कॉम्प्युटर: तयार घ्यावा की सुटे भाग घेऊन जोडावा

माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे आणि गावाहून रोज एसटीने अपडाऊन करतो. त्याला गेमिंग कॉम्प्युटर घेऊन द्यायचे माझ्या बहिणीने आणि भाऊजींनी यंदा कबूल केले असून, नेमका कोणता घ्यायचा हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, त्यामुळे प्रिंटरपासून यूपीएसच्या बॅटरीपर्यंत गावात जे काही बंद पडते ते आधी माझ्या टेबलावर येते. खर्चाची मर्यादा ७०,००० रुपयांची आहे. कंपनीने किंवा विक्रेत्याने जोडून दिलेला तयार संच घ्यायचा, की प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड), रॅम, एसएमपीएस (घरची वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा) असे सुटे भाग निवडून स्वतः जोडायचा, एवढाच प्रश्न उरला आहे.

भाच्याचे मत अगदी स्पष्ट होते. "मामा, इतका काऊन विचार करून राहिले तुम्ही? ऑनलाइन तयार भेटून राहिला ना," असे तो म्हणाला, आणि मोबाइलवर काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे फिरत असलेला संच त्याने मला दाखवला. त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, म्हणून मी अशा बऱ्याच संचांची वर्णने बारकाईने वाचली, यवतमाळ आणि अमरावतीच्या दुकानदारांशी बोललो, आणि मग माझे मत बनवले. आमच्यासारख्या गावात राहणाऱ्याने सुटे भाग एकाच दुकानातून पक्क्या बिलावर घ्यावेत आणि जोडणी स्वतःच्या हाताने करावी, असे मला वाटते. यामागे पैशाची बचत हे मुख्य कारण नाही. आमची वीज, आमचे ऊन आणि सर्व्हिस सेंटरपासूनचे आमचे अंतर ही खरी कारणे आहेत, आणि तयार संच विकणारा यांतल्या एकाचाही विचार करत नाही.

पैशाचा मुद्दा आधी संपवतो. असेंबल केलेला कॉम्प्युटर हमखास स्वस्त पडतो, हा समज आता सरसकट धरून चालत नाही. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे. मोठ्या कंपन्या हजारोंनी भाग उचलतात, त्यामुळे बाजारात टंचाई आली की त्यांचा भाव सुट्या ग्राहकापेक्षा चांगला असतो. २०२० च्या अखेरीपासून पुढचे दीड-दोन वर्षे हे सर्वांनी पाहिले. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ते चलन कमावण्यासाठी यंत्रावर चालणारी आकडेमोड, ग्राफिक्स कार्डांवर (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागांवर) चालत असे, त्यामुळे सुटे कार्ड छापील किमतीच्या कितीतरी पट महाग झाले होते आणि तेच कार्ड तयार संचात मात्र परवडत होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने कार्डांची गरज नसलेली पद्धत स्वीकारली, तेव्हा ती मागणी थांबली. मग २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप्स उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. म्हणून ज्या आठवड्यात खरेदी करायची त्याच आठवड्यात दोन्हींचे भाव काढून शेजारी मांडावेत. फरक चार-पाच हजारांच्या आत असेल, तर त्या फरकावर निर्णय घेऊ नये.

आता तयार संचाच्या वर्णनाकडे वळतो, कारण फसगत तिथेच होते. "आय-५, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी, वायफाय फ्री" अशा ओळी आपण सर्वांनी वाचल्या आहेत. यांतला एकही शब्द खोटा नसतो आणि तरीही त्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. कोअर आय-५ हे नाव इंटेलने २००९ पासून कितीतरी पिढ्यांना दिले आहे. २०१२ साली आलेला आय-५ ३४७० हा चार कोअरचा (काम करणाऱ्या चार गाभ्यांचा) प्रोसेसर आहे, आणि २०२२ साली आलेला आय-५ १२४०० हा सहा कोअर आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी बारा कामे पेलणारा) आहे. दोन्हींवर "आय-५" हेच लिहिता येते. अगदी स्वस्तातल्या संचात बहुधा पहिल्या प्रकारचा, कार्यालयांतून निघालेल्या जुन्या यंत्रातला प्रोसेसर असतो. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यातच व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे असा संच घरी आल्यावर ज्या गेमसाठी तो घेतला तोच त्यावर चालणार नाही, असे होऊ शकते.

ग्राफिक्सच्या बाबतीत "४ जीबी" हा आकडा तर आणखी फसवा आहे. २०१४ सालचे जीटी ७३० हे कार्डही ४ जीबी मेमरीसह मिळते, पण ती मेमरी डीडीआर-३ ची, म्हणजे आजच्या कामासाठी फारच मंद असते. चांगल्या नावाखालीही फरक लपलेला असतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे बाजारात आहेत. फरक फक्त मेमरीचा आहे असे कोणालाही वाटेल, परंतु ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत आणि ते १३० वॉट घेते, तर २०२४ साली आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर असून ते ७० वॉटवर चालते. रॅमचेही तसेच आहे. १६ जीबीची एकच पट्टी लावली तर मेमरीचा एकच मार्ग वापरात राहतो, आणि ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही मार्ग चालून वेग वाढतो. वर्णनात दोन्हीकडे "१६ जीबी" एवढेच लिहिलेले असते.

या सगळ्यापेक्षा मला जास्त खटकते ती एक गोष्ट, जी बहुतेक वर्णनांत नसतेच. एसएमपीएस कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे, हे क्वचितच सांगितलेले असते. "४५० वॉट एसएमपीएस" एवढेच लिहिलेले असते, किंवा तेही नसते. पुण्यामुंबईच्या माणसाला ही उणीव लहान वाटेल. आमच्याकडे मात्र कॉम्प्युटर किती वर्षे जगणार हे प्रामुख्याने त्याच एका डब्यावर ठरते, म्हणून या विषयावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे.

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो. प्रत्यक्षात रब्बीच्या दिवसांत, जेव्हा हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी शिवारातले पंप एकाच वेळी चालू होतात, तेव्हा लांबच्या लाइनीवरच्या घरांत मल्टिमीटर १७०-१८० दाखवतो, आणि पंप एकदम बंद झाले की तोच काटा वर उडी मारतो. दर्जेदार एसएमपीएसवर "१०० ते २४० व्होल्ट" असे छापलेले असते आणि त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाची यंत्रणा असते. व्होल्टेज पडले की तो जास्त करंट घेतो आणि आतल्या भागांना पोहोचणारे १२ व्होल्ट ढळू देत नाही. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर "२०० ते २४०" असे लिहिलेले आढळते, आणि त्यावरचे वॉटचे आकडेही विश्वासाचे नसतात. असा एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, कधी मदरबोर्डला आणि कधी ग्राफिक्स कार्डाला सोबत नेतो. म्हणून संचातला कोणता भाग सर्वांत आधी निवडावा असे मला कोणी विचारले, तर मी एसएमपीएसचे नाव घेईन, आणि त्याची निवड ग्राहकाच्या हाती फक्त सुटे भाग घेतानाच पूर्णपणे राहते.

किती वॉटचा घ्यायचा, हा हिशेबही अवघड नाही. आम्ही ठरवलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो आणि आरटीएक्स ५०६० हे कार्ड १४५ वॉट घेते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी (फाइल साठवणारा भाग) आणि पंखे धरून पूर्ण भार ३०० वॉटच्या आसपास जातो. त्यासाठी ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस पुरेसा आहे. ८५० वॉटचा आकडा पाहून जास्त पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे यूपीएसमध्ये घालावेत. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटचाच असतो, आणि त्यावर हा संच व मॉनिटर मिळून अगदी काठावर येतो. १००० व्हीएच्या वरचा घ्यावा आणि घेताना दुकानात भार देऊन तपासावा, कारण अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर नीट चालत नाहीत आणि लाइन गेल्याबरोबर बंद पडतात.

घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असे भाऊजींनी विचारले होते, आणि हा प्रश्न गावात बहुतेक जण विचारतात. कॉम्प्युटरच्या भागांसाठी ठरलेल्या एटीएक्स या मानकाप्रमाणे वीज तुटल्यावर एसएमपीएसने सुमारे १६ मिलिसेकंद आतला पुरवठा टिकवून धरायचा असतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला त्यापेक्षा जास्त वेळ घेतो, त्यामुळे पंखा आणि दिवा चालू राहतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असते, ते दाबले तर बदल लवकर होतो, परंतु मग तो १८० च्या खालचे व्होल्टेज स्वीकारत नाही आणि लाइन असतानाही बॅटरी खात राहतो. ज्या घरात संध्याकाळी व्होल्टेज पडते तिथे त्या मोडमध्ये रात्रीपर्यंत बॅटरी उतरलेली असते. म्हणून कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस हवाच.

अर्थिंगकडे तर कोणीच पाहत नाही. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या धातूकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. बोर्डातली तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसेल, तर त्या दोघांमुळे कॅबिनेटवर सुमारे निम्मे व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. "कॉम्प्युटर शॉक मारते" अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि दोष बहुतेक वेळा भिंतीत निघतो. त्याच अवस्थेत एचडीएमआयची किंवा नेटची केबल लावली-काढली तर पोर्ट जाण्याची भीती असते. आमच्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवतीची जमीन सुकून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मे महिन्यात कुचकामी होते. कोळसा-मीठ भरलेला, अडीच मीटर खोल गेलेला पाइप असावा, त्यावर उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे, आणि तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. बहिणीच्या घरी हे काम कॉम्प्युटर येण्याआधीच करून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. हा खर्च तयार संच घेतला असता तरी करावाच लागला असता, एवढे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

ऊन हा दुसरा मोठा मुद्दा आहे. संचांचे आणि कार्डांचे तापमान बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत मोजलेले असते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी चाळीसच्या वर हवा असते. खोलीची हवा जितकी तापलेली, साधारण तितकीच वाढ आतल्या चिपच्या तापमानात होते. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर आमच्या खोलीत ८५-९० पर्यंत जातो, आणि काही प्रोसेसर त्याच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतात. समोरून काचेने बंद केलेले, दिव्यांनी सजवलेले कॅबिनेट इथे निरुपयोगी आहे. समोर जाळी असलेले, पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारे साधे कॅबिनेट घ्यावे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींमधून धूळ ओढली जात नाही.

धुळीबरोबर आमच्याकडे कापूसही आहे. वेचणी झाली की भाव वाढण्याची वाट पाहत बहुतेक घरांत एका खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, आणि त्याचे तंतू घरभर उडत असतात. ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरचे कॅबिनेट मी दर हंगामाला उघडतो, तेव्हा प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) राखाडी रंगाचा, नमद्यासारखा दाट थर जमलेला असतो, आणि चिमटीत धरून ओढला की तो अखंड निघून येतो. त्या थराखालून हवा जातच नाही. चुंबकाने चिकटणारी, काढून झटकता येणारी जाळी पंख्यासमोर असेल तर हा थर बाहेरच अडतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, आणि मागच्या मोकळ्या खाचा पट्ट्यांनी बंद ठेवाव्यात, कारण उबेला पाल आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट होते. कूलरचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे उन्हाळाभर पाण्याचा कूलर चालतो आणि त्याच्या झोतात बारीक तुषार असतात. क्षारयुक्त पाण्याचे ते तुषार मदरबोर्डवर सुकले की पांढरे डाग पडतात आणि पुढे गंज धरतो. कॉम्प्युटर कूलरच्या खोलीत जरूर ठेवावा, पण झोतासमोर कधीही ठेवू नये. तयार संच घेणाऱ्याला कॅबिनेट उघडायचीच भीती वाटते, आणि काही विक्रेते तर उघडल्यास वॉरंटी जाईल असे स्टिकर लावून देतात. आमच्या हवेत जे यंत्र हंगामातून एकदा तरी उघडून साफ करावे लागते, ते अशा अटीवर घेणे मला पटत नाही.

आता वॉरंटीविषयी. तयार संचाच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे की एक फोन केला आणि माणूस घरी आला. नागपुरात किंवा अमरावतीत हे खरे असेल. खेड्यात मात्र ऑनसाइट सेवा आपल्या पिनकोडला आहे की नाही हे आधी विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. नसेल तर पूर्ण संच खोक्यात भरून शहरात न्यावा लागतो, आणि रॅमची पट्टी सैल झाली असली तरी सगळा कॉम्प्युटर काही आठवडे घराबाहेर राहतो. सुट्या भागांत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते: बॉक्समधल्या प्रोसेसरला ३ वर्षे, ग्राफिक्स कार्डाला बहुधा ३ वर्षे, चांगल्या एसएमपीएसला ५ ते १० वर्षे. जो भाग गेला तेवढाच खोक्यात घालून पाठवता येतो. पण कोणता भाग गेला हे ओळखता आले पाहिजे, आणि इथेच स्वतः जोडण्याचा खरा फायदा दिसतो. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. डीरॅमचा दिवा अडकला, तर पट्ट्या काढून, टोके खोडरबरने पुसून, एकेक लावून पाहायची. व्हीजीएचा अडकला, तर कार्ड काढून मदरबोर्डवरच्या पोर्टला मॉनिटर लावायचा. ज्याने एकदा सगळे हाताने बसवले आहे, त्याला हे करताना भीती वाटत नाही. सर्व्हिस सेंटर दूर असलेल्या गावात हे ज्ञान घरातल्याच माणसाकडे असणे मला कोणत्याही वॉरंटीपेक्षा मोलाचे वाटते.

सर्व भाग एकाच दुकानातून घ्यावेत असे मी वर म्हटले, त्याचे कारण असे की दोन दुकानांतून घेतले तर बिघाडाच्या वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बिलावर जीएसटी क्रमांक आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असावा. प्रोसेसर बॉक्समधलाच घ्यावा, कारण ट्रेमधला सुटा मिळणारा थोडा स्वस्त असला तरी त्याला कंपनीची तीच वॉरंटी नसते. जुनी कार्डे स्वस्तात मिळतात, पण मायनिंगमध्ये रात्रंदिवस तापलेले कार्ड कोणते हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून ती वाट मी भाच्याला बंद केली आहे.

आणखी एक कारण शेतकरी कुटुंबालाच कळेल असे आहे. आमच्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास येतात, कापसाचे त्यानंतर, आणि तुरीचा चुकारा फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतो. तयार संच एकरकमी किंवा हप्त्यांवर घ्यावा लागतो, आणि हप्ता म्हटला की तो पिकाची वाट पाहत थांबत नाही. सुट्या भागांचा कॉम्प्युटर मात्र टप्प्याटप्प्याने घेता येतो, फक्त पहिल्याच टप्प्यात तो चालू स्थितीत यायला हवा. भाग एकेक घेऊन कपाटात ठेवत जाणे चुकीचे आहे, कारण वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते आणि खराब निघालेला भाग बदलून घ्यायची मुदत तपासण्याआधीच निघून जाते. रायझन ५ ७६०० च्या आत पडद्यावर चित्र दाखवण्यापुरते ग्राफिक्स असते, त्यामुळे त्यावर अभ्यास, कोडिंग आणि जुने हलके गेम कार्डाशिवायही चालतात. नावाच्या शेवटी "एफ" असलेले, उदाहरणार्थ ७५००एफ किंवा १२४००एफ, हे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात, पण त्यांत ही सोय नसते. आम्ही दिवाळीला कार्ड सोडून बाकी सर्व घेणार आणि कार्ड तुरीनंतर घेणार. या प्रोसेसरचे एएम-५ हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची तो बसण्याची जागा, २०२२ साली आले आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्यावर नवे प्रोसेसर देण्याचे एएमडीने सांगितले आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलावासा वाटला तरी मदरबोर्ड तोच राहील. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संचांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या आकाराचे असतात. १९९५ पासून सर्वमान्य असलेल्या एटीएक्स मापाचा भाग त्यांत बसत नाही, म्हणून तिथे हा मार्गच खुंटतो.

इतके असूनही तयार संच काही लोकांसाठी योग्य आहे, आणि मी तसा सल्ला देतोही. ज्याच्या घरात यंत्र उघडून पाहण्याची कोणालाच हौस नाही, ज्याचे गाव शहराला लागून आहे आणि पिनकोडवर सेवा नक्की मिळते, किंवा ज्याला अस्सल विंडोज, कीबोर्ड आणि मॉनिटर सगळे एकाच बिलात हवे आहे, त्याने नावाजलेल्या कंपनीचा संच निःसंकोच घ्यावा. फक्त प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल, विशेषतः एसएमपीएसचे, लेखी विचारून घ्यावे, आणि संच आल्यावर चालू करण्याआधी बाजूचे झाकण काढून आत पॅकिंगचा फोम ठेवला आहे का ते पाहावे. लॅपटॉपचाही पर्याय काही जणांनी सुचवला. पुढे वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी तो ठीक आहे, पण चाळीस अंशांच्या खोलीत गेमिंग लॅपटॉपचा दम लवकर संपतो आणि त्यातले ग्राफिक्स सहसा बदलता येत नाही.

जोडणी आम्ही दुकानातच, दुकानदाराच्या टेबलावर करणार आहोत. भाचा स्वतः बसवणार, मी शेजारी असणार आणि अडले तर दुकानातला मुलगा आहेच. यवतमाळच्या ज्या दुकानदाराशी बोलणे झाले त्याने हे आनंदाने मान्य केले. एएम-५ मध्ये पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात, म्हणून प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन रॅम पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात आणि "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण बोर्ड डीडीआर-५ रॅमची जुळवाजुळव करत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. एकदा विंडोज चालू होऊन सर्व भाग दिसले की तिथेच बिल करायचे. पुढे कार्ड आणताना ते वेगळ्या खोक्यात मांडीवर घ्यायचे, कॅबिनेटमध्ये बसवून एसटीतून आणायचे नाही, कारण आमच्या रस्त्याच्या गचक्यांत जड कार्डाचा भार मदरबोर्डच्या खाचेवर येतो.

एसएसडी ५०० जीबीची पुरेल असे दुकानदार म्हणत होता, पण इथे मी ऐकले नाही. आजचे मोठे गेम एकेक १०० जीबीच्या वर जातात, आणि दिवसाला २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर असा एक गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील. भाचा कॉलेजातल्या मित्राकडून गेमच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर आणणार आणि घरी स्टीमवर (गेम विकत घेऊन चालवण्याच्या ॲपवर) स्वतःच्या खात्यातून तपासून घेणार. म्हणजे फक्त नवे अपडेट उतरवावे लागतील. एकदा आणलेला गेम जागेअभावी पुसावा लागला तर पुन्हा तोच खटाटोप होईल, म्हणून १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पहिल्याच खरेदीत घ्यायची असे ठरले आहे, आणि तेवढ्यासाठी मॉनिटर सध्या माझ्याकडचा जुना वापरायचा आहे.